वकील न लावता नवऱ्याच्या मारापासून कोर्टाचं संरक्षण मिळतं का? (सोलापूर)

पूर्वभागातली

नमस्कार. शेजारच्या बाईसाठी विचारतेय. तिचं नाव, गल्ली काही लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नका.

ती घरी विड्या वळते. नवरा यंत्रमागावर होता, आता कामाला धड जात नाही. दारू आहे. मारहाण कैक वर्षं चालू आहे, पण अलीकडं मोठ्या मुलीवरही हात टाकायलाय. मजुरी घेऊन ती घरी आली की दारातच हिसकावून घेतो. मागं चौकीत गेली तर एन.सी. (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून घेतली, नवऱ्याला बोलावून दम दिला आणि दोघांना घरी पाठवलं. त्या रात्री तिनं काय सोसलं ते मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

नवरा जेलात जावा असं तिला वाटत नाही. म्हणते, "मला मारू नये, पोरीला हात लावू नये, घराबाहेर काढू नये. बास." एका वकिलांनी सांगितलेली फी ऐकून ती गप्पच झाली. घर सासूच्या नावावर आहे. घरात तेलुगू बोलतात, तिला मराठी नीट बोलता येतं, लिहिता येत नाही. अशा बाईला वकील न लावता कोर्टातून काही मिळतं का? कुठं जायचं, कुणाला भेटायचं?

सावली

ताई, मिळतं. आणि तिला जे हवंय नेमकं तेच मिळतं. मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा आहे, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू. यात तिनं मागायचं ते संरक्षण. नवऱ्याला अटक करा असं मागायची गरजच नाही. मारायचं नाही, धमकवायचं नाही, घरातून काढायचं नाही, खर्चाला पैसे द्यायचे, मुलं तिच्याजवळ राहू द्यायची, असे आदेश न्यायदंडाधिकारी देतात. नवऱ्यानं तो आदेश मोडला तर मात्र गुन्हा होतो.

पहिल्यांदा भेटायचं संरक्षण अधिकाऱ्यांना. सोलापुरात जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात विचारा, तिथून तुमच्या भागाचे संरक्षण अधिकारी कोण ते कळेल. ही सरकारी माणसं आहेत, त्यांना एक पैसाही द्यायचा नाही. ते बाईचं ऐकून घेऊन घटना अहवाल भरतात (सगळे त्याला डी.आय.आर. म्हणतात), कोर्टात द्यायचा कलम 12 चा अर्ज तयार करायला मदत करतात, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडं पाठवतात. वकिलाची सही कुठंच लागत नाही. कलम 12 प्रमाणं अर्ज बाई स्वतः करू शकते, संरक्षण अधिकारी करू शकतात, तिच्या वतीनं दुसरं कुणीही करू शकतं. आणि तुम्ही शेजारी म्हणून नुसती खबर दिलीत तरी चालते. चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर कसलीही केस होऊ शकत नाही असं कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय. शेजारी गप्प बसतात ते या भीतीपोटीच, म्हणून मुद्दाम सांगते.

मजुरी हिसकावणं हीसुद्धा या कायद्यात हिंसाच आहे, आर्थिक हिंसा. बायका मारहाणीचं सांगतात आणि पैशाचं सोडून देतात. तिला सांगा, विडी कारखान्याचं कार्ड, पगाराची नोंद, पी.एफ.चा कागद जे असेल ते सोबत घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घटना कशा सांगायच्या. "नवरा नेहमी मारतो, फार त्रास देतो" एवढंच लिहिलं तर कोर्टाच्या हाती काही लागत नाही. माझ्यासोबत आलेल्या एका मावशींना एकही तारीख आठवत नव्हती. मी विचारलं, तेव्हा कुठला सण होता का? म्हणाल्या, "मार्कंडेयाचा रथ निघाला होता, रथ बघून आले आणि पैसे मागितले." म्हणजे नारळी पौर्णिमा. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तारीख मिळाली. मग पुढचं आपोआप आलं: रात्री जेवणाआधी, विडीची कात्री उचलून अंगावर धावला, हात आडवा केला तेव्हा मनगटाला लागलं, धाकट्या जावेनं ओढून बाजूला नेलं, सकाळी दवाखान्यात टाके घातले. झालं, हा पुरावा आहे. गड्ड्याची यात्रा, पोरांच्या परीक्षा, कुणाचं लग्न, असं धरून चाला. पहिली घटना, सगळ्यात वाईट घटना आणि सगळ्यात अलीकडची घटना या तीन पक्क्या असल्या पाहिजेत.

तिला लिहिता येत नाही याची काळजी नको. अर्ज मराठीत होतो, वाचून दाखवल्यावरच अंगठा द्यायचा. एखादा शब्द कळला नाही तर तेलुगूत समजावून घ्यायचा हक्क आहे, आणि सोलापुरात तेलुगू येणारं माणूस मिळणार नाही असं होत नाही.

अर्जासोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्या. कलम 23. नवरा हजर व्हायच्या आधीसुद्धा न्यायदंडाधिकारी एकतर्फी आदेश देऊ शकतात. हे आपण मागावं लागतं, विसरू नका.

हिप्परगा

माफ करा, पण कोर्टात वकिलाशिवाय कोण विचारतंय? बाई उभी राहणार आणि समोर नवऱ्याचा वकील. त्यापेक्षा दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना बसवून मिटवा. नवऱ्याला व्यसनमुक्तीला घाला. एकदा कोर्टाची पायरी चढली की घर मोडतं ओ.

नीलाक्षी

हिप्परगा दादा, तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतं. माझ्याबाबतीत मोठी माणसं बसली होती. मामा, चुलत सासरे, गावचे दोन मान्यवर. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं, "यापुढं हात उचलणार नाही." सगळ्यांनी चहा घेतला आणि गेले. पुन्हा मार बसला तेव्हा तो कागद घेऊन मी ठाण्यात गेले, तर साहेब म्हणाले, हा तुमच्या घरातला कागद आहे, यावर आम्ही काय करणार.

कोर्टाच्या आदेशाचं तसं नसतं. संरक्षण आदेश मोडला तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. एन.सी. लिहून घरी पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. माझ्या नवऱ्याला मामांच्या शब्दाची कधी भीती वाटली नाही, कोर्टाच्या कागदाची वाटली. अजून त्याच घरात राहते, मुलं शाळेत जातात. घर मोडत होतं ते मारानं.

मीही वकील लावला नव्हता. संरक्षण अधिकारी मॅडमनी अर्ज दिला, सुरुवातीच्या तारखांना मी एकटीच उभी राहिले. पाय लटपटत होते. न्यायाधीशांनी विचारलं ते मराठीत, आणि मी माझ्या भाषेत सांगितलं.

आणि समुपदेशनाचं. "आधी समुपदेशन करा, मग अर्ज" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. या कायद्यात समुपदेशनाचा आदेश न्यायदंडाधिकारी देतात, तेही अर्ज दाखल झाल्यावर. त्याआधी ज्याला करायचं त्यानं करावं, सक्ती नाही.

रोजनामा

कोर्टात लिपिक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. हिप्परगा यांचा प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

स्वतःच्या प्रकरणात स्वतः उभं राहून बोलायचा हक्क प्रत्येकाला आहे. या अर्जाला कोर्ट फी लागत नाही. अर्ज दाखल झाला की नंबर पडतो. सी.एन.आर. नंबर मागून घ्या, सोळा अक्षरांचा असतो. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि कामकाज घरबसल्या दिसतं, मुलीला मोबाईलवर बघायला शिकवा. तारखेला सकाळी कोर्ट बसायच्या आधी पोहोचा, बोर्डावर आपला अनुक्रम बघा, पुकारा झाला की पुढं होऊन "हजर" म्हणा. पुकाऱ्याला बाहेर चहाला गेलेली माणसं गैरहजर लागतात.

कायदा म्हणतो पहिली तारीख सहसा तीन दिवसांत, नोटीस संरक्षण अधिकाऱ्यांनी दोन दिवसांत बजवायची, आणि पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करायचा. प्रत्यक्षात निकालाला याहून फार जास्त वेळ लागतो. समोरचा से (लेखी म्हणणं) देत नाही, मुदत मागतो, नोटीस परत येते. म्हणून सावलीताईंनी लिहिलेला अंतरिम अर्ज हाच खरा आधार. तो पहिल्याच तारखेला बोर्डावर यावा म्हणून तोंडी विनंती करा: "साहेब, माझ्या जिवाला धोका आहे, अंतरिम अर्जावर आजच आदेश व्हावा." एवढं एक वाक्य पाठ करून या.

वकिलाशिवाय कुठपर्यंत जावं? माझं स्पष्ट मत: अर्ज, अंतरिम आदेश, खर्चाची मागणी इथपर्यंत बाई संरक्षण अधिकाऱ्यांच्या मदतीनं जाऊ शकते. प्रकरण पुराव्याला लागलं, उलटतपास सुरू झाला, की एकटीनं लढू नये. आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणं स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे कलम सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. फोनवर 15100. दिलेला वकील वेळ देत नसेल तर बदलून मागता येतो, लेखी द्या.

खर्चाच्या मागणीसाठी दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून. नवरा कुठं काम करतो, मोटारसायकल कुणाच्या नावावर, घरभाडं येतं का, हे आधीच टिपून ठेवा.

जुळे_सोलापूरकर

घर सासूच्या नावावर आहे म्हणतात. मग सून राहणार कशी? माझ्या बहिणीला एका वकिलांनी सांगितलं होतं की सासूचं घर असेल तर सुनेला हक्क नाही.

सावली

ते जुन्या निकालावरून सांगितलं असणार. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सतीशचंदर अहुजा प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सून तिथं संसार करत राहिलेली असेल तर ते सामायिक घर धरलं जातं. तिला मालकी मिळत नाही, राहायचा हक्क मिळतो. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही.

कलम 19 खाली नवऱ्याला घर सोडायला सांगता येतं. सासूला मात्र नाही, बाईविरुद्ध तसा आदेश देता येत नाही असं त्याच कलमात आहे. एकत्र राहणं अशक्यच असेल तर तशीच दुसरी जागा किंवा भाडं मागता येतं. या बाईंनी ठरवावं काय हवंय. माझ्या अनुभवात पूर्व भागातल्या विडीकाम करणाऱ्या बायका घर सोडायला तयार नसतात, कारण कारखाना जवळ, शेजारणी ओळखीच्या, पोरांची शाळा तिथंच. ते अगदी बरोबर आहे.

डॉक्टर_मावशी

सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. एकच सांगते. केसपेपर काढताना बायका म्हणतात "जिन्यावरून पडले". नवरा शेजारीच उभा असतो. मग कागदावर तेच लागतं आणि पुढं कोर्टात तोच कागद तिच्या विरोधात जातो. शक्य असेल तर एकटीनं जा, किंवा तुम्ही सोबत जा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: नवऱ्यानं मारलं, कशानं मारलं, कधी मारलं. एम.एल.सी. (मारहाणीची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) करा म्हणा. सिव्हिलला हे रोजचं काम आहे, कुणी वेगळ्या नजरेनं बघत नाही. घटना अहवाल झाला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा, चेहरा आणि वळ एका फोटोत येऊ द्या.

बार्शीची_लेक

मी माहेरी बार्शीला आहे, सासर पुण्याला. निघून येऊन वर्ष उलटून गेलं. आता अर्ज करता येईल का? आणि पुण्याला जावं लागेल का?

रोजनामा

नाही लागणार. कलम 27: बाई कायमची किंवा तात्पुरती जिथं राहते, जिथं काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज होतो. बार्शीलाच करा, समोरचा तिथं येईल. वर्ष उलटल्याचंही मनातून काढा. 2022 च्या कामाच्ची विरुद्ध लक्ष्मी नारायणन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कलम 12 च्या अर्जाला ती एक वर्षाची मुदत लागू नाही. त्याच वर्षीच्या प्रभा त्यागी निकालात हेही आलं की घटना अहवाल नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं, आणि अर्जाच्या वेळी त्या घरात राहत असणं गरजेचं नाही. अहवाल असला तर चांगलंच, पण अधिकारी भेटले नाहीत म्हणून अडून बसू नका, थेट कोर्टात द्या.

मोहोळकर

थोडं वेगळं. आमच्या गावात एक धाकटा मुलगा आईवडिलांना मारतो, जमीन आधीच नावावर करून घेतली. आईला हा कायदा चालतो का?

सावली

आईला चालतो, मुलाविरुद्धही. वडिलांना चालत नाही, हा कायदा स्त्रियांसाठी आहे. दोघांसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बघा. अर्ज प्रांतांकडं, साध्या कागदावर. निर्वाहासाठी महिना 10,000 रुपयांपर्यंत मागता येतात. सांभाळ करण्याच्या अटीवर जमीन दिली असेल आणि मुलगा सांभाळत नसेल तर कलम 23 खाली ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. बक्षीसपत्राची प्रत काढा, त्यात ती अट लिहिलीय का ते आधी वाचा.

नीलाक्षी

मूळ प्रश्नाकडं येते, कारण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे नवऱ्याच्या हातात नोटीस पडते तो दिवस. "माझ्यावर केस केलीस?" असं म्हणून घरी येतो. त्याची तयारी आधी हवी. आधार, रेशनकार्ड, विडी कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद हे सगळं एका पिशवीत घालून शेजारी ठेवायला द्या, म्हणजे तुमच्याकडंच. त्या दिवशी मुली कुठं असतील ते ठरवा. शेजारणींशी एक खूण ठरवा, मी तांब्या आपटला की वरची बाई 112 लावायची. रात्री बाहेर पडायची वेळ आली तर महिला हेल्पलाइन 181 वर फोन, सखी केंद्रात काही दिवस राहायची सोय होते, पाच दिवसांपर्यंत, तिथंच पोलीस आणि कायद्याची मदत मिळते.

आणि मार गंभीर असेल तर संरक्षण आदेशाची वाट बघत बसू नका. गुन्हा नोंदवा. पूर्वीचं 498 अ (नवऱ्याकडून किंवा सासरच्यांकडून छळाचं कलम) आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे, 1 जुलै 2024 पासून. ठाण्यात घेत नसतील तर शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा आणि पोच ठेवा.

पूर्वभागातली

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या दिवसांनी कळवतेय, कारण गडबडीत होतो.

संरक्षण अधिकाऱ्यांकडं तिच्यासोबत गेले. खरं सांगते, पहिल्यांदा ती बोललीच नाही, नुसती पदराचं टोक पिळत बसली. मॅडम म्हणाल्या, मुलीबद्दल सांगा. मग जे सुरू झालं ते थांबेना. कॅलेंडरची युक्ती फार उपयोगी पडली. अंतरिम आदेश झालाय: मारहाण करायची नाही, मुलीला हात लावायचा नाही, घरातून काढायचं नाही. खर्चाच्या अर्जावर त्याचा से यायचाय. मजुरी आता तिच्या स्वतःच्या खात्यावर घ्यायची ठरवलीय. कोर्टानं विधी सेवेतून वकीलही दिलाय, तरुण मुलगी आहे, फोन उचलते.

पण परवा रात्री तो पिऊन आला, हात नाही लावला, दाराबाहेरून शिव्या आणि "बघून घेतो" असं चालू होतं. आदेशाचा कागद घेऊन ठाण्यात गेलो तर म्हणाले, मारलं तर नाही ना, मग या उद्या. आता काय करायचं?

रोजनामा

आदेशात नेमकं काय लिहिलंय ते आधी वाचा. संरक्षण आदेशात "कोणताही कौटुंबिक हिंसाचार करू नये" असं असेल तर शिवीगाळ आणि धमकी त्यात येते, कारण कायद्याच्या व्याख्येत शाब्दिक आणि मानसिक हिंसा आहे. हात लावायची वाट बघायची नाही.

आदेशाची प्रत त्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना कोर्टानं मोफत पाठवायची असते, कलम 24. तरी आपणही एक प्रत आवक विभागात देऊन शिक्का मारून घ्या. तक्रार लिहिताना "नवरा त्रास देतो" असं लिहू नका. लिहा: अमुक न्यायालयाचा अमुक प्रकरण क्रमांकातला, अमुक तारखेचा अंतरिम संरक्षण आदेश आहे, सामनेवाल्यानं अमुक दिवशी अमुक वाजता अमुक शब्द वापरून त्याचा भंग केला, कलम 31 खाली गुन्हा नोंदवावा. शिव्या जशाच्या तशा लिहा, लाजू नका. तुम्ही स्वतः ऐकलंय, तर साक्षीदार म्हणून तुमचं नाव घाला.

तरीही घेतलं नाही तर तीच तक्रार संरक्षण अधिकाऱ्यांना आणि मोफत वकिलांना द्या. पुढच्या तारखेची वाट न बघता कोर्टात अर्ज देऊन ठाण्याला मदतीचा आदेश मागता येतो.

पूर्वभागातली

साक्षीदार म्हणून माझं नाव घालते. उद्या सकाळी अकराला जातोय, मजकूर सावलीताईंना आधी पाठवते.

सावली

पाठवा, रात्रीच बघून देते. आणि मोबाईलवर त्याचा आवाज रेकॉर्ड झाला असेल तर तो फोन बदलू नका, फाईल पुसू नका. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, ते करायला तुमच्या वकीलताई मदत करतील.